गटाचा मेल, गटाची पत



आपला गोंदिया भाताचा जिल्हा. गटाचा तांदूळ, पापड, लोणचे दूरच्या गिऱ्हाइकाला विकायचे, प्रदर्शनात स्टॉल मागायचा, बँकेला कागद द्यायचे, तर कधी ना कधी ईमेल करावाच लागतो. समोरच्याने आपल्याला पाहिलेले नसते. त्याला आपला गट दिसतो तो त्या मेलमधूनच. म्हणून मेलची रीत ही नुसती सभ्यता नाही, ती गटाची पत आहे.

आधी विषयाची ओळ. पुष्कळ जणी ती कोरीच सोडतात. नुसते ‘अर्ज’ लिहिले तरी वाचणाऱ्याला काही कळत नाही. ‘प्रदर्शनात स्टॉलसाठी अर्ज’ असे लिहा आणि पुढे गटाचे नाव, गाव, तालुका टाका.

जुन्या कार्डावर आपण ‘स.न.वि.वि.’ लिहीत होतो, तसा मेलमध्येही आधी नमस्कार हवा. मग आपण कोण आणि काय हवे, ते सरळ सांगा. ‘तांदळाबद्दल बोलायचे होते’ असे मोघम नको. ‘२०० किलो तांदूळ तयार आहे, ५ किलोच्या पिशव्या आहेत, मंगळवारपर्यंत कळवावे’ असे लिहा, भावही लिहा. शेवटी नाव, गटातले पद आणि फोन नंबर.

‘सोबत कागद जोडले आहेत’ असे लिहून जोडायचे राहून जाते. म्हणून कागद आधी जोडा, मजकूर नंतर लिहा आणि ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता सर्वांत शेवटी टाका. मग अर्धवट मेल चुकून जाणारच नाही. जीमेलवर एका मेलला २५ एमबीपर्यंतच फाइली जोडता येतात, म्हणून फोटो निवडून दोन-तीनच द्या.

अनेक गटांना एकच सूचना पाठवायची असेल तर पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाका. ‘सीसी’तले पत्ते सगळ्यांना दिसतात, ‘बीसीसी’तले दिसत नाहीत. उत्तर देताना ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी थांबा. एखाद्या बाईच्या थकलेल्या हप्त्याची गोष्ट पंधरा गटांत जायला एक बोट पुरते.

राग आला असेल तर मेल लिहून ठेवा, पण सकाळी वाचून मगच पाठवा. जीमेलवर पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे अशा लिखाणाला कायद्याची मान्यता आहे. हे आपल्या कामाचेही आहे. व्यापाऱ्याने फोनवर पैसे कबूल केले, तर लगेच मेल करा: ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे आपण इतकी रक्कम अमुक तारखेला देणार आहात.’ भांडण नाही, आणि नोंद पक्की.

आलेल्या मेलला ‘मिळाला, शुक्रवारी कळवतो’ एवढे तरी उत्तर द्या.

आणि ताई, गटाचा मेल गटाच्याच नावाने काढा, कुणाच्या मुलाच्या फोनवर नको. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असावा. पदाधिकारी बदलल्या की तोही बदला. ओटीपी किंवा पिन मेलमध्ये कधीच लिहू नका.

पुढच्या मासिक बैठकीत गटाचा एक मेल सगळ्यांनी मिळून लिहा. एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. ऐकणारीला पहिल्यांदाच समजला, तर तो पाठवायला तयार आहे.