अंगणातील झुडपे : आधी जागा, मग झाड



वसंत व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, राजकारण, साहित्य असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही मोगरा, जास्वंद आणि बोगनवेल घेऊन बसलो आहोत. विषय घरगुती खरा. पण चुकीने लावलेले झुडूप पुढे किती महागात पडते हे ज्याने सोसले आहे, तो त्याला किरकोळ म्हणणार नाही.

आरंभ आमच्याच फजितीने करतो. आम्ही मोठ्या हौसेने फाटकापाशी बोगनवेल लावली. रोज संध्याकाळी तिला बादलीभर पाणी घालावयाचे, हा आमचा नेम. वेल कशी तरारली! पाने हिरवीगार, फांद्या शेजाऱ्याच्या भिंतीवर. फूल मात्र औषधालाही नाही. पुढे एका उन्हाळ्यात आम्ही महिनाभर गावी गेलो. पाणी घालणारे कोणी नव्हते. झाड गेले असणार, अशी मनाची तयारी करून परतलो, तो फाटक गुलाबी रंगाने पेटलेले! बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. उन्हात आणि पाण्याच्या ओढीतच ती खुलते. आम्ही मायेने जे घालत होतो, तेच तिला नको होते. अति तेथे माती म्हणतात, ते बागेत तर अक्षरशः खरे आहे. मुळांना पाण्याइकीच हवाही लागते. सतत चिखलात राहिलेली मुळे गुदमरून कुजतात.

तेव्हा आमचे सांगणे एकच आहे : आधी जागा पाहावी, मग झाड. आपण नेमके उलटे करतो. रोपवाटिकेत फूल पाहून भुलतो, रोप घरी आणतो, आणि मग ते हातात घेऊन अंगणभर जागा शोधत हिंडतो.

जागेला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ऊन किती? सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला अंगणात उभे राहून पाहावे. मोगरा, जास्वंद, बोगनवेल यांना भरपूर ऊन हवे. सावलीत ती पानांवरच भागवतात. तगर मात्र थोड्या सावलीतही फुलते. आणखी एक खुबी लक्षात ठेवावी. घराच्या उत्तरेला मे महिन्यात ऊन असते, तेथेच डिसेंबरात भिंतीची लांब सावली पडते. एका ऋतूच्या उन्हावर वर्षाचा हिशेब मांडू नये.

दुसरा प्रश्न, माती कसली? कोकणातून येताना पुष्कळ जण पेंटगुळाचे, म्हणजे एक्झोराचे, रोप घेऊन येतात. तेथल्या तांबड्या, आंबूस मातीत ते लालभडक फुलते. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असते, पण झाडाला ते उचलता येत नाही. अशा वेळी कुंडीत तांबडी माती भरून लावावे, नाहीतर त्याचा नाद सोडावा.

तिसरा प्रश्न, पाणी कोठून? पुण्याकडे वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने झाड आपल्या नळावर जगते. म्हणून पारिजातक, अडुळसा, तगर अशा काटक मंडळींना आम्ही पहिला मान देतो. अडुळशाला तर शेळीदेखील सहसा तोंड लावत नाही. कुंपणाला आणखी काय हवे?

या तिन्हींवर उतरले तरी झाडाचा स्वभाव विचारावा. कण्हेर सुंदर आणि चिवट, पण तिचे सर्वांग विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर विशेष घातक. घरात रांगते मूल असेल, तर तिला अंगणात जागा देऊ नये. आणि घाणेरीची कथा तर साऱ्या देशाची आहे. १८०९ च्या सुमारास शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आली. पाखरांनी फळे खाल्ली, बिया रानोमाळ नेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील व्याघ्रप्रदेशाच्या ४० टक्क्यांहून अधिक जंगलात ती पसरली आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि गवत नाही तेथे हरणाने खावे काय? कुणाच्या तरी बागेची शोभा ती रानाची आपत्ती झाली. आपल्या कुंपणाच्या आत लावलेले झाड कुंपणाच्या आतच राहील, असे समजण्याचे कारण नाही.

आता जोपासनेविषयी थोडके. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. म्हणून हिवाळ्याच्या तोंडी त्याचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा, डिसेंबर-जानेवारीत छाटणी करावी, मग कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करावे. छाटताना हात थरथरतो, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ज्याच्याने कात्री चालवत नाही, त्याच्या ओंजळीत फुलेही थोडीच पडतात. जास्वंदीचेही तसेच. तिच्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर ते शेंडे आधी खुडून नष्ट करावेत. औषधांच्या बाटल्यांकडे मागाहून वळावे.

शेवटी एक विनंती. हे ऐकून उद्याच रोप आणावयास धावू नका. हा वैशाख लावणीचा नव्हे, खड्ड्याचा महिना आहे. दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा एक खड्डा खणा, आणि उन्हात तसाच तापू द्या. जूनच्या आधी माती आणि शेणखत घालून तो भरा. तोवर सकाळ-संध्याकाळ त्या जागेवर ऊन कसे फिरते, ते बघत बसा. पहिला पाऊस पडून माती निवाली, की मग रोपवाटिकेची वाट धरा. तोपर्यंत ती जागाच तुम्हांला झाडाचे नाव सांगेल.