परसातील कोठी

घर बांधताना देवघर, माजघर व स्वयंपाकघर यांचा विचार गृहस्थ बारकाईने करतो; परसातील कोठी मात्र उरलेल्या विटा आणि जुने वासे यांवर कशीबशी उभी राहते. मग बियाणे, सरपण, अवजारे, पेंड व खताची पोती असा सारा ऐवज त्याच खोलीत जातो. पुढील वर्षाचे बियाणे ज्या छपराखाली राहावयाचे, त्याला अडगळ समजणे हाच पहिला दोष होय.

कोठीची जागा उंचवट्यावर असावी. न्हाणीचे पाणी उतरते तेथे ती बांधू नये. मृगापासून पुढे वारा नैर्ऋत्येचा व पश्चिमेचा असतो. म्हणून खानापूरच्या बाजूस किंवा गोव्यात दार पूर्वेस ठेवणे हिताचे. तिकडे जांभा सहज मिळतो व जोत्यास तो चांगला. बेळगावच्या पूर्वेकडील काळी माती मात्र पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे पाडते. तेथे पायातील ती माती काढून मुरूम भरावा व चोपावा. जोते दोन फूट उंच असावे. वळचण भिंतीबाहेर दीड-दोन फूट असली म्हणजे पागोळ्यांनी भिंत भिजत नाही.

दाराखाली पाव इंच फट राहिली तरी उंदराचे पिल्लू आत शिरते. म्हणून दाराच्या तळाशी पत्रा ठोकावा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावी व भिंतीपासून फूटभर अंतर सोडावे. या मोकळ्या जागेतून केरसुणी फिरते आणि वाळवीने भिंतीवर चढविलेली मातीची वाट वेळीच दिसते. धान्यातील ओलावा शेकडा १२ हून अधिक नसावा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला तर तो वाळला असे जाणते शेतकरी समजतात.

याहून गंभीर गोष्ट विषाची आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न पोटात गेल्यामुळे शंभरांहून अधिक माणसे दगावली. ते विष व अन्नाचा माल यांची वाहतूक एकत्र झाली होती. पुढे १९६८ साली कीटकनाशकांविषयीचा कायदा संमत झाला. परंतु परसातील कोठीवर पहारा कायद्याने नव्हे, घरधन्यानेच ठेवावयाचा असतो. फवारणीची औषधे मूळच्या डब्यांतच, धान्यापासून दूर, निराळ्या कुलुपबंद कपाटात ठेवावी; रिकाम्या डब्यात तेल किंवा पाणी कधीही भरू नये. धान्यात टाकावयाच्या विषारी गोळ्यांना दमट हवा लागताच प्राणघातक वायू निघतो. राहत्या घराला लागून असलेल्या कोठीत त्यांचा वापर करूच नये.

कोठी बांधून काम संपत नाही. वैशाखात कौले परतून फुटकी बदलावी, पन्हळी साफ कराव्या. पावसाळ्यात उघडीप मिळताच दार उघडून वारा खेळू द्यावा. दसऱ्यानंतर सारे सामान उन्हात काढून भिंतींच्या भेगा बुजवाव्या व चुना लावावा. महिन्यातून एकदा कंदील किंवा विजेरी घेऊन कोपरे पाहिले, तर पुष्कळ हानी टळते. कोठी लहान असली तरी पेरणीच्या दिवशी शेतकऱ्याची मान वर राहते ती तिच्याच जोरावर.