डोंगरमाथ्यापासून आरंभ
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें गतकाळाचें गुणगान करावें अशी रीत आहे. तें काम आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं आज सकाळपासून इतक्या आवडीनें केलें आहे कीं, माझ्या वांट्याला फारसें कांहीं उरलेलें नाहीं. म्हणून मी दारिद्र्याविषयीं चार शब्द बोलतों. विषय सणाचा नव्हे, हें मला ठाऊक आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. उन्हाळ्यांत तेथील बायका कोस-कोस पाण्याला जात. मीं देणगी मिळविली, विहीर खणविली, तिच्यावर पंप बसविला आणि आशीर्वादाच्या दिवशीं पेढेही वांटले. माझी बदली झाल्यावर कांहीं वर्षांनीं सहज तेथें गेलों, तों पंप गंजलेला आणि विहिरीच्या तळाशीं नुसता गाळ. "दुरुस्ती कां केली नाहीं?" असें मीं एका गृहस्थांस विचारिलें. ते मोठ्या आदरानें म्हणाले, "फादर, विहीर तुमची. आम्ही हात कसा लावावा?" सेमिनरींतील इतक्या वर्षांच्या अध्ययनानें जें शिकविलें नव्हतें, तें ह्या एका वाक्यानें शिकविलें. विहीर मीं दिली होती, म्हणून ती त्यांची कधींच झाली नाहीं. आणि विहिरींत पाणी येतें कोठून, ह्याचा विचार तर मीं केलाच नव्हता.

आपला हा नगर जिल्हा (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर आहे) पर्जन्यछायेंत पडतो. अकोल्याचा डोंगरी पश्चिम भाग सोडला तर बहुतेक ठिकाणीं वर्षाकांठीं ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हा आंकडा ऐकून आपण कपाळाला हात लावतों. परंतु हिशेब करून पाहा. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारें २० लक्ष लिटर पाणी! तें उघड्या डोंगरावरून दोन घटकांत ओढ्याला मिळतें, जातांना शेतांतील माती घेऊन जातें, आणि माघ-फाल्गुनांत आपण टँकरची वाट पाहात बसतों.

१९७२ चा दुष्काळ आपल्यांतील वृद्धांच्या स्मरणांत आहे. खडी फोडण्याचीं कामें निघालीं, सुकडी वांटली गेली, चर्चच्या ओट्यावरूनही धान्य दिलें गेलें. त्यामुळें जीव वांचले, आणि त्याबद्दल देवाचे व दात्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. सरकारची रोजगार हमी योजनाही त्याच काळांतून उभी राहिली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला. परंतु फोडलेल्या खडीनें पुढच्या वर्षाचें पाणी अडत नाहीं. पुन्हां उन्हाळा आला, पुन्हां तीच रांग.

ही रांग मोडावी कशी, ह्या प्रश्नानें येशूसंघाचे एक धर्मगुरू झपाटले होते. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. १९४८ सालीं ते भारतांत आले आणि त्यांनीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें ह्याच जिल्ह्याच्या सेवेंत घालविलीं. २०२१ सालीं ते प्रभूकडे गेले. त्यांच्या प्रयत्नानें जर्मन सरकारचें द्रव्य आणि नाबार्डचें सहकार्य मिळून पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. १९९३ सालीं त्यांनीं व क्रिस्पिनो लोबो ह्यांनीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली.

ह्या कामाची रीत मला फार शहाणपणाची वाटते. आरंभ विहिरीपासून नव्हे, तर डोंगराच्या माथ्यापासून. माथ्यावर सलग समतल चर, त्याखालीं शेतांचे बांध, ओहोळांत दगडी बांध, आणि नालाबांध सर्वांत शेवटीं. उलट केलें, म्हणजे नालाबांध आधीं घातला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळानें भरतो. कागदावर नकाशा काढून काम होत नसे. शेतकरी आणि त्याची पत्नी दोघांनाही त्यांच्या गटावर नेऊन, बांध कोठें व झाड कोठें हें विचारीत. (पत्नीला विचारणें हें कित्येक घरांत प्रथमच घडलें असावें!) पैसा गांवाच्या समितीच्या हातीं, पण गांवानेंही मजुरीचा कांहीं हिस्सा श्रमदानानें द्यावयाचा, कुऱ्हाडबंदी पाळावयाची, चराईबंदी पाळावयाची. आधीं लहानशा क्षेत्रावर हें करून दाखवावयाचें, मगच पुढचें काम. एकंदर चार-पांच वर्षें सहज लागत. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीला पूर्वीं उन्हाळ्यांत टँकर येई; १९९६ पासून तेथें अशीच पांच वर्षें मेहनत झाली, तेव्हां विहिरींना पाणी दिसलें.

परंतु ह्या कथेला एक काळी बाजू आहे, ती मी झांकून ठेवीत नाहीं. अशाच एका गांवच्या सभेला मी बसलों होतों. चराईबंदीचा ठराव निघाला आणि मागच्या रांगेंतून एक म्हातारे धनगर बाबा उठले. म्हणाले, "डोंगर राखता, लई चांगलं. पर चार वर्सं माझी मेंढरं तुमच्या चर्चात चरायची का, फादर?" सभा हंसली. मला मात्र उत्तर सुचलें नाहीं. पुढें त्या बाबांनीं निम्मा कळप विकला. चौथ्या वर्षीं विहिरींना पाणी वाढलें, तें ज्यांच्या विहिरी होत्या त्यांचें वाढलें. अभ्यासकांनींही हेंच नमूद केलें आहे: जमीनवाल्याला लाभ आधीं मिळतो, भूमिहीनाला झळ आधीं लागते.

बंधुभगिनींनो, आपल्या ह्या धर्मग्रामांत ज्यांच्या नांवावर गुंठाभरही जमीन नाहीं अशीं कुटुंबें किती, तें मी सांगावयास नको. म्हणून त्यांचा करार कामाच्या आधीं झाला पाहिजे: चर खणण्याची मजुरी प्रथम त्यांना, राखलेल्या डोंगराच्या गवतावर कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांचा, आणि समितींत त्यांच्या बायका, नुसत्या सह्यांपुरत्या नव्हेत.

आणखी एक सावधगिरी. पाणी दिसूं लागलें कीं ज्याच्या हातीं पैसा, तो बोअर घेतो आणि ऊंस लावतो. पांच वर्षांची कमाई दोन वर्षांत उपसली जाते. ह्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखालीं शेतीसाठीं बोअर बंद ठेविले, आणि पावसाचा हिशेब मांडून कोणतीं पिकें घ्यावींत तें ग्रामसभेंत ठरविण्याची वहिवाट पाडली. हें डोंगर खणण्याहून अवघड आहे, कारण येथें शेजाऱ्यालाच 'नाहीं' म्हणावें लागतें.

आतां महोत्सव निधीविषयीं. चर्चच्या फाटकावर कमान उभारावी अशी समितीची इच्छा आहे, हें मला माहीत आहे. माझें मत निराळें आहे, आणि तें मी समितीसमोर मांडलेंही आहे. त्या निधींतून आपला डोंगर पुरा होणार नाहीं. तो डोंगरही एकट्या आपल्या धर्मग्रामाचा नाहीं, वरच्या आळीचा आणि खालच्या वाडीचाही आहे. ग्रामसभेंत आपण सर्वांबरोबर बसल्याशिवाय एकही चर निघणार नाहीं. परंतु पहिली मोजणी आणि भूमिहीन कुटुंबांची पहिल्या उन्हाळ्याची मजुरी, एवढें त्यांतून भागेल. निर्णय तुमचा. ह्या वेळीं विहीर फादरांची होऊं द्यावयाची नाहीं.

येत्या रविवारीं मिस्सानंतर मी डोंगरावर जाणार आहें. सरपंचांना व वाडीवरच्या मंडळींनाही निरोप धाडला आहे. ज्यांना यावयाचें त्यांनीं पायांत वहाणा घालून, डोक्याला कांहीं बांधून यावें; टिकाव-घमेलीं आणूं नयेत. त्या दिवशीं नुसतें पाहावयाचें आहे, पाणी कोठून निघून कोठें जातें तें.