खोली सारखी, पण ढाळ कुठाय?



आज तुमच्याशी बोलायचं आहे ते एका काठीविषयी. ही काठी जनावरं हाकायची नव्हे. तिच्यावर रंगाचे पट्टे आणि आकडे असतात. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडं बांधबंदिस्तीची आणि पाझर तलावांची कामं निघाली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती पाहिली असेल. एक माणूस तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाही आणि दुसरा दूरवर ती काठी उभी धरून राही. ओव्हरसिअर मंडळी तिला ‘स्टाफ’ म्हणत. आपण तिला पातळीची काठी म्हणू.

तुम्ही म्हणाल, सरकारी कामाची ही काठी आम्हाला कशाला? जमिनीखालून नळी टाकायची असेल तर ही काठी आपल्याच कामाची आहे. ती न धरल्यामुळं माझं काय नुकसान झालं, ते आधी सांगतो.

मी कास्तकार माणूस आहे. माझ्या शेताची खालची दीड एकराची पट्टी चिबड. काळी भारी जमीन, वर कॅनॉल, खाली नाला. पाऊस उघडला तरी आठ-आठ दिवस वाफसा येत नसे. त्या पट्टीत मी हळद केली. हळदीच्या मुळाशी पाणी साचून राहिलं की कंदकूज लागते, हे तुम्ही जाणताच. म्हणून निचऱ्यासाठी छिद्रांची चार इंची नळी नाल्यापर्यंत न्यायचं ठरवलं. लांबी नव्वद मीटर. शेत नाल्याकडं उतरतं आहे हे डोळ्यांना दिसत होतं. खणणाऱ्याला सांगितलं, ‘सगळीकडं सारखा एक मीटर खोल चर घे.’ त्यानं काठीनं मोजून तंतोतंत एक मीटर घेतला. नळी टाकली, माती लोटली, झालं.

श्रावणात दोन दिवस झड लागली. नळीच्या तोंडातून जरासं पाणी आलं आणि थांबलं. वर हळदीच्या सऱ्यांत पाणी तसंच. पानं पिवळी पडली, कंद सडले. नळीचा पैसा गेला, बेण्याचा गेला आणि वर्षही गेलं. उन्हाळ्यात चर उकरून पाहिला तर नळी अर्ध्या वाटेपर्यंत गाळानं भरलेली. तेव्हा कुठं एका जाणत्या माणसाला बोलावून पातळीची काठी धरली आणि चूक उमगली. चर सारख्या खोलीचा होता, पण नळीला ढाळ नव्हता.

पाण्याला खोली कळत नाही, त्याला फक्त ढाळ कळतो. जमीन जशी वरखाली असते, तसा सारख्या खोलीचा चरही वरखाली जातो. वरून दिसणारा उंचवटा चराच्या तळाशीही उतरतो.

आता काठी वाचायची कशी ते पाहू. नेहमीची घडीची काठी चार मीटरची असते. तिच्यावर लाल आकडे मीटरचे आणि काळे आकडे मीटरच्या दहाव्या भागाचे असतात. बारीक पट्टा अर्ध्या सेंटिमीटरचा असतो. कुठं जुनी चौदा फुटी काठी मिळाली तर सावध राहा. तिच्यावर एका फुटाचे बारा इंच नसतात, दहा भाग असतात. तिथला पाचाचा आकडा म्हणजे अर्धा फूट, म्हणजे सहा इंच. तो पाच इंच समजलात तर तिथंच एका इंचाचा घोटाळा होतो. जुन्या दुर्बिणीतून आकडे उलटे दिसतात, त्यानं घाबरून जाऊ नका.

दुर्बिणीची नजर हवेतून एका सपाट रेषेत जाते. जमीन खोलगट असली की काठी खाली जाते आणि नजर तिच्या वरच्या भागावर पडते. म्हणून आकडा मोठा तर जमीन खाली, आकडा लहान तर जमीन वर. एवढं पक्कं ध्यानात ठेवा, पुष्कळजण इथंच उलटं करतात.

माझ्या शेतात चराच्या रेषेला लागून, हातभर बाजूला, दर तीस मीटरवर एक खुंटी जमिनीबरोबर ठोकली. दुर्बीण साधारण मधोमध ठेवली. जमिनीचे आकडे असे आले:

पहिली खुंटी, वरचं टोक: १.२० मीटर
दुसरी खुंटी, ३० मीटरवर: १.२५ मीटर
तिसरी खुंटी, ६० मीटरवर: १.१० मीटर
चौथी खुंटी, ९० मीटरवर, नाल्याकाठी: १.६५ मीटर

वरच्या टोकापासून नाल्यापर्यंत जमीन पंचेचाळीस सेंटिमीटर खाली उतरली होती. माझ्या डोळ्यानं पाहिलं ते खोटं नव्हतं. पण तिसऱ्या खुंटीपाशी जमीन दुसरीपेक्षा पंधरा सेंटिमीटर वर होती. तिथं पूर्वी धुरा होता, वडिलांच्या काळात तो मोडून शेत एक केलं होतं. नांगरून वखरून तो दिसेनासा झाला, पण गेला नव्हता. सारखा एक मीटर खणल्यामुळं नळीही तिथं पंधरा सेंटिमीटर वर चढली. नळी दहा सेंटिमीटर जाडीची. म्हणजे दुसऱ्या खुंटीपाशी ती पूर्ण बुडलेली आणि वरच्या टोकालाही काठोकाठ भरलेली. साचल्या पाण्यात गाळ बसला आणि नळी बुजली.

मग हिशेब नव्यानं मांडला. निचऱ्याच्या नळीला शंभर मीटरला किमान दहा सेंटिमीटर ढाळ लागतो. जमीन साथ देत असेल तर वीस ते तीस द्यावा, गाळ धरत नाही. मी तीस धरला, म्हणजे दर तीस मीटरला नऊ सेंटिमीटर. वरच्या टोकाला खोली एक मीटर ठेवली. जमिनीचा आकडा १.२०, त्यात खोली १.०० मिळवली, तळाचा आकडा २.२० झाला. पुढं दर खुंटीला ०.०९ मिळवत गेलो: २.२९, २.३८, २.४७. यांतून त्या त्या ठिकाणचा जमिनीचा आकडा वजा केला की चराची खोली निघते:

पहिली खुंटी: १.०० मीटर
दुसरी खुंटी: १.०४ मीटर
तिसरी खुंटी: १.२८ मीटर
चौथी खुंटी: ०.८२ मीटर

पाहा, जुन्या धुऱ्यापाशी सव्वा मीटरहून जास्त खणायचं आणि नाल्यापाशी मीटरभरसुद्धा नाही. चार आकड्यांची बेरीज-वजाबाकी आहे. शाळेत जाणारं पोरगंही करील.

खणायच्या आधी काठी नाल्याच्या तळाशीही धरा. माझ्याकडं तिथं ३.१० आलं. नळीचा तळ २.४७, म्हणजे तोंड नाल्याच्या तळापासून त्रेसष्ट सेंटिमीटर वर. पावसाळ्यात नाल्याला नेहमी जेवढं पाणी असतं, त्याच्या वर हे तोंड राहिलं पाहिजे, नाहीतर नाल्याचंच पाणी शेतात शिरेल. आणि दादांनो, नळीचं तोंड शेजाऱ्याच्या धुऱ्यावर उघडू नका. निचरा शेताचा व्हावा, भाऊबंदकीचा नको.

काठी धरणाऱ्याचं कामही जबाबदारीचं आहे. बुडाला काळी माती चिकटते, ती दर वेळी पुसा, नाहीतर बोटभर फरक पडतो. काठी ओळंब्यात उभी हवी. कलली तर आकडा वाढतो. म्हणून धरणाऱ्यानं ती दुर्बिणीच्या दिशेनं हळूच पुढं-मागं झुलवावी आणि पाहणाऱ्यानं सर्वांत लहान आकडा लिहून घ्यावा. घडी पूर्ण उघडून खटका बसला का ते पाहा. सगळे आकडे होईपर्यंत दुर्बिणीला धक्का लागू देऊ नका.

दुर्बीण मिळाली नाही तर? गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणीनळी घ्या, वीस मीटरची. तिची दोन टोकं दोन सरळ काठ्यांना बांधा आणि काठ्यांवर शिंप्याची फीत बुडापासून चिकटवा. नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, एक बुडबुडा सगळं गणित बिघडवतो. एक काठी पहिल्या खुंटीवर, दुसरी पुढच्या खुंटीवर ठेवा. अंगठे काढा, पाणी स्थिर होऊ द्या आणि दोन्हीकडचे आकडे वाचा. इथंही मोठा आकडा म्हणजे जमीन खाली. तीस मीटरचं अंतर नळीला पुरणार नाही, म्हणून मध्ये पंधरा मीटरवर एक खुंटी घ्या. पहिल्या खुंटीला १.२० असा कोणताही आकडा धरा आणि पुढचा फरक त्यात मिळवत किंवा वजा करत चला. शेवटच्या खुंटीवरून उलट मोजत पहिलीवर परत या. मूळचा आकडा सेंटिमीटरभराच्या आत जुळला तर मोजणी खरी. नाही जुळला तर पुन्हा मोजा. तास गेला तर जाऊ द्या, हंगाम जाऊ देऊ नका.

आकडे कागदावर आले, आता ते चरात उतरवायचे. त्यासाठी दोन मीटर उंचीची एक टी बनवा, म्हणजे उभी पट्टी आणि तिच्या माथ्यावर आडवी पट्टी. दर खुंटीपाशी चराच्या दोन्ही बाजूंना खांब रोवून एक फळी आडवी ठोका. दोन मीटरमधून तिथल्या चराची खोली वजा केली की फळीची जमिनीपासूनची उंची मिळते. माझ्या शेतात त्या उंच्या १.००, ०.९६, ०.७२ आणि १.१८ मीटर आल्या. फळ्या पाणसळीनं आडव्या करा. आता एका टोकाला उभं राहून पाहा, सगळ्या फळ्यांचे माथे एका रेषेत दिसले पाहिजेत. एखादी वर किंवा खाली दिसली तर हिशेब किंवा ठोकणी चुकली, तिथंच सुधारा.

खणताना टी चराच्या तळाला उभी धरायची. तिचा माथा फळ्यांच्या रेषेवर दिसला तर आणखी खणा, खाली दिसला तर जास्त खणलं, रेषेत आला तर थांबा. फळ्यांऐवजी सुतळी ताणू नका. तीस मीटरची सुतळी मधे झोळ देते आणि तोच झोळ नळीला येतो.

चर नाल्याकडून वर खणत या, मधे पाऊस आला तरी पाणी आपोआप निघून जातं. कुठं जास्त खणलं गेलं तर भुसभुशीत काळी माती भरू नका, ती ओली झाली की दबते. मुरूम टाकून चोपा. काढलेली माती चराच्या काठापासून दूर टाका. ओल्या काळ्या जमिनीत कंबरेपेक्षा खोल चर एकदम ढासळतो, म्हणून आत कोणाला एकटं उतरवू नका. नळी बसली की माती लोटण्याआधी पुन्हा एकदा तिच्या पाठीवर काठी धरा आणि वरून दोन घागरी पाणी ओतून पाहा. नळीभोवती वाळू-खडीचा थर द्या, म्हणजे छिद्रांतून गाळ शिरणार नाही.

लातूरकडचे बांधव म्हणतील, ‘आमच्याकडं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आम्हाला निचरा कशाला?’ तुमचं म्हणणं मी समजतो. पण मांजराकाठच्या भारी जमिनीत एका झडीत सोयाबीन पिवळं पडलेलं तुम्हीही पाहिलं आहे. शिवाय पाणी घालवायला ही काठी लागते, तशीच आणायलाही लागते. शेततळ्यातून बिनमोटारीचं पाणी शेतात न्यायचं असेल तर काठीनंच कळेल ते जाईल की नाही. विहिरीवरून पंपानं पाणी चढवायचं असेल तर चढ किती हे मोजूनच पंप घ्या. त्या नळीतही उंचवट्यावर हवा अडकते, तिथं हवेची झडप लागते. खोलगटात गाळ बसतो, तिथं तो सोडायची तोटी लागते. या जागा मोजणीनंच नेमक्या सापडतात.

आपल्याकडं सांगली आणि शिरोळ भागात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी अशाच जमिनीखालच्या नळ्यांनी सुधारल्या जात आहेत. तिथंही सगळं काम ढाळावर चालतं. नळ्यांमधलं अंतर आणि खोली जमिनीच्या पोतावर ठरते, म्हणून मोठं क्षेत्र असेल तर कृषी खात्याच्या किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या जाणकारांना आधी विचारा.

हे काम उन्हाळ्यात, शेत मोकळं असताना उरका. मृग लागण्याआधी नळी मातीखाली गेली पाहिजे.

ध्यानात ठेवा:

१. चराची खोली सारखी ठेवू नका, तळाचा ढाळ सारखा ठेवा.
२. आकडा मोठा तर जमीन खाली.
३. शंभर मीटरला किमान दहा सेंटिमीटर ढाळ द्या.
४. नाल्याचा तळ आधी मोजा, मग चर आखा.
५. पाणीनळीनं मोजलं तर उलट मोजत पहिल्या खुंटीवर परत या.
६. माती लोटण्याआधी नळीवर पुन्हा काठी धरा.

माझ्या त्या पट्टीत आता झड उघडली की दोन-तीन दिवसांत वाफसा येतो. नळी तीच आहे, धुऱ्यापाशी फक्त अठ्ठावीस सेंटिमीटर जास्त खणलं. एवढं आधी मोजलं असतं तर एक वर्षाची हळद वाचली असती. माझी गेली, तुमची जाऊ नये म्हणून सांगितलं.

बरं तर, येतो आता. राम राम.