सहपत्र आणि दुवा

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



कार्यालयीन पत्राच्या तळाशी 'सहपत्रे : दोन' असे लिहिलेले आपण नित्य पाहतो. लखोटा फोडल्यावर ती दोन आहेत की नाहीत हे पाहून मगच आवक नोंदवहीत नोंद करण्याची आपली जुनी शिस्त आहे. आता बहुतेक पत्रे ई-मेलने येतात. परंतु लखोट्याबरोबर ती शिस्तही आपण टाकून दिली की काय, अशी शंका येते. म्हणून या विषयावर चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

आरंभी ई-मेल केवळ साध्या इंग्रजी अक्षरांपुरता होता. नॅथनिएल बोरेनस्टीन व नेड फ्रीड या संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली 'माइम' ही पद्धती प्रसिद्ध केली आणि चित्रे, ध्वनी व कागदपत्रे पत्रासोबत धाडण्याची सर्वमान्य रीत रूढ झाली. देवनागरी पत्रांची वाटही तिनेच सुकर केली. या रीतीत फाइलचे दर तीन बाइट चार अक्षरांत मांडले जातात. त्यामुळे तिचा भार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. जीमेलच्या सर्वसाधारण खात्यातून २५ एमबीपेक्षा मोठे सहपत्र जात नाही. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून तिचा दुवा, म्हणजे लिंक, पाठवावा लागतो.

येथेच मुख्य भेद ध्यानी घ्यावयाचा आहे. सहपत्र ही प्रत होय. दुवा हा केवळ पत्ता होय. एकदा मी शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी सहपत्र म्हणून धाडली. नंतर एका मुलीचे नाव राहिल्याचे दिसले. मी माझ्या संगणकावरील यादी दुरुस्त केली व निश्चिंत झालो. परंतु गेलेली प्रत जुनीच राहिली! सुदैवाने मुदत शिल्लक होती, म्हणून त्या मुलीचे वर्ष वाचले.

तेव्हा जो कागद अंतिम आहे, तो सहपत्र म्हणून जोडावा. ज्यात भर पडत राहणार आहे, त्याचा दुवा द्यावा. मात्र दुवा देताना तो कोणास उघडता यावा, हे आपणच ठरवावे. 'दुवा असलेल्या कोणालाही' अशी मुभा ठेवून मुलांची नावे व आधार क्रमांक धाडणे, म्हणजे ती माहिती चावडीवर टांगण्यासारखेच आहे.

आता उघडण्याविषयी. मे २००० मध्ये प्रेमपत्राचे नाव धारण केलेले एक सहपत्र जगभर पसरले. नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' दिसे. परंतु त्यापुढील 'व्हीबीएस' हे खरे शेपूट अनेक संगणकांवर झाकलेले राही. तो मजकूर नव्हता, आज्ञावली होती. उघडताच ती फाइलींची नासधूस करी आणि त्या मनुष्याच्या पत्तेवहीतील सर्वांना स्वतःच पत्र धाडी. म्हणजे संकट ओळखीच्या नावानेच दारी येत असे. म्हणून प्रेषकाचे नाव ओळखीचे आहे, एवढ्यावर विसंबू नये. अपेक्षा नसताना सहपत्र आले, तर दूरध्वनी करून विचारावे. दुव्याचेही तसेच, वर दिसणारे शब्द एक व आतील पत्ता दुसराच असू शकतो. संगणकावर माउसचा बाण दुव्यावर नुसता ठेविला असता खरा पत्ता बहुधा तळाशी दिसतो. तो वाचून मग उघडावे.

खात्रीच्या सहपत्रात माहिती भरावयाची असेल, तर प्रथम ते आपल्या फोल्डरात जतन करावे. पत्रातूनच परस्पर उघडून भरलेली माहिती पुष्कळदा तात्पुरत्या जागी राहते व पुढे सापडत नाही.

शेवटी एक सूचना. 'सोबत यादी जोडली आहे' असे लिहून यादी न जोडता पत्र धाडणारे आपणांत अनेक आहेत, मीही त्यांतलाच. यास उपाय साधा आहे. आधी जोडावे, जोडलेले उघडून पाहावे, मग मजकूर लिहावा, आणि पत्ता सर्वांत शेवटी घालावा. पत्ता नसलेले पत्र चुकूनही जात नाही.

इतके सांगून मी आपली रजा घेतो.