शिंप्याला आधी दिसलेला बाक

मी झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यात वाढले. वडिलांची नोकरी तिथे होती. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली. माझ्या पाठीचा बाक पहिल्यांदा दिसला तो आमच्या शिंप्याला. मी तेव्हा 13 वर्षांची. कुर्त्याची कड त्याने दोनदा उसवून शिवली, तरी एका बाजूने वर जायची. शेवटी तो आईला म्हणाला, "बहनजी, कपडा सरळ आहे. मुलीची कंबर बघा."

आईने पाहिलं आणि स्वतःलाच दोष दिला. हापशावरून पाणी आणताना मी कळशी एकाच कमरेवर घ्यायचे ना! कळशी बंद झाली, तेल-मालिश सुरू झालं. कोणी दप्तराला बोल लावला, कोणी माझ्या बसण्याला. दीड-दोन वर्षं त्यात गेली. झाशीला एक्स-रे निघाला तेव्हा मी 15 वर्षांची होते, बाक 41 अंश होता आणि उंची वाढायची जवळजवळ थांबली होती. डॉक्टर म्हणाले, पट्ट्याची वेळ आता गेली.

हे "वेळ गेली" म्हणजे काय, ते आज सांगायचं आहे.

कणा बाजूला वळतो आणि थोडा पिळलाही जातो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. एक्स-रेवर हा कोन मोजायची पद्धत जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांची, 1948 सालची. कोन 10 अंश किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस. कंबर धरली की स्नायू आखडून कणा तात्पुरता कलतो, तो वेगळा. एक पाय आखूड असेल तरी कंबर कलते. पायाखाली योग्य जाडीची फळी ठेवली की असा बाक बहुधा सरळ होतो.

वाढत्या मुलांमधल्या बहुतेक बाकांचं नेमकं कारण सापडत नाही. घराण्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते. पण कळशीने, दप्तराने किंवा वाकडं बसल्याने हा बाक येत नाही. आईला हे कळलं तेव्हा ती रडली होती.

उपचार दोन गोष्टींवर ठरतो: कोन किती आणि वाढ किती उरली आहे. लहान कोनाला दर काही महिन्यांनी तपासणी पुरते. वाढ शिल्लक असताना कोन 25 ते 40 असेल तर पट्टा. 45-50च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. पण कमरेत मणके जोडले की वाकणं कमी होतं, म्हणून सर्जन शक्य तितके कमी मणके जोडतात. व्यायामाने पाठ बळकट होते, दुखणं कमी होतं. मालिशने हाड सरळ होत नाही.

पट्ट्याचा उपयोग होतो का? 2013 साली अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टा घेतलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत वाढला नाही. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. दिवसाला सरासरी 13 तासांच्या आसपास किंवा जास्त पट्टा घालणाऱ्यांत तर ते 90च्या वर गेलं.

माझ्या भाचीचा बाक 12व्या वर्षी दिसला, 27 अंश. बुंदेलखंडातला मे महिना, त्यात कडक प्लास्टिकचा पट्टा! आत सुती बनियन, ते दिवसातून दोनदा बदलायचं. ती चिडायची, रडायची. मी तिला माझी पाठ दाखवली, उपदेश केला नाही. वाढ थांबली तेव्हा तिचा कोन 29 होता. पट्ट्याने बाक गेला नाही, थांबला. आम्हाला तेवढंच हवं होतं.

आणि माझं? आज मी 43 वर्षांची आहे, कोन 46. फार वेळ उभी राहिले की कंबर भरून येते. रोज व्यायाम करते. "लग्न कसं जमेल, मूल होईल का," असं लोक आईला विचारायचे. मला दोन मुलं आहेत. बाक असलेल्या बहुतेक स्त्रियांचं बाळंतपण नीट होतं. फक्त भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा.

आता तुमच्यासाठी दोन मिनिटांचं काम. मूल 10 ते 14 वर्षांचं असेल तर पाठ उघडी ठेवून त्याला ताठ उभं करा. मागून बघा: एका बाजूची कमरेची घडी जास्त खोल आहे का? एक नितंब वर वाटतो का? मग पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून त्याला हळूहळू पुढे वाकू द्या. कमरेच्या बाजूला फासळ्या नसतात, म्हणून तिथे मोठं कुबड दिसत नाही. एका बाजूचा स्नायू फुगीर दिसतो. तसं दिसलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

दोष कोणाचा, हे शोधत बसू नका. आमची दोन वर्षं त्यातच गेली. मागून एकदा बघा, एवढंच.