दुसऱ्या अपराधाची शिक्षा



पहिली चूक पदरात घ्यावी, दुसरीला क्षमा नसावी, हा आपला घरोघरचा न्याय. खेळाच्या मैदानावर तो कसा लागू पडतो, ते पाहू.

1988 साली सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर 9.79 सेकंदांत धावला. तीनच दिवसांनी, उत्तेजक द्रव्य सापडल्यामुळे, त्याचे सुवर्णपदक गेले. दोन वर्षांची बंदी भोगून तो परतला आणि 1993 मध्ये पुन्हा सापडला. या वेळी बंदी आजन्म झाली. निवाडा सरळ होता.

अमेरिकेच्या जस्टिन गॅटलिनचे तसे नव्हते. 2001 मध्ये त्याच्या नमुन्यात सापडलेले द्रव्य डॉक्टरांनी दिलेल्या औषधातले होते. 2006 मध्ये मात्र टेस्टोस्टेरॉन सापडले. आठ वर्षांच्या बंदीची मागणी होती. पंचांनी पहिल्या चुकीचे स्वरूप पाहून चार वर्षे दिली. 2017 मध्ये लंडनला त्याने बोल्टला हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

प्रेक्षकांनी अपराध मोजले. पंचांनी ते तोलले. मला पंचांचे पटते. धावपटूच्या उमेदीची वर्षे थोडी. आठ वर्षांची बंदी जवळजवळ आजन्मच.

पण जाणूनबुजून दुसऱ्यांदा फसवणाऱ्यावर दया नको. शेजारच्या पट्ट्यात कोणी नेकीने धावत असतो. त्याचीही वर्षे परत येत नाहीत!